टिल्ट टेबल टेस्ट कुणी केलीय का? (गडी पैलवान, पण चक्कर येऊन पडतोय)

लालमाती | सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मुद्द्याचं बोलू.

वय ३४. पंचविशीपर्यंत कोल्हापुरात तालमीत होतो. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध, सगळं रीतसर. आता शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला आहे, मोल्डिंगला सुपरवायझर. बीपी नाही, शुगर नाही. आणि असा हा गडी गेल्या १४ महिन्यांत तीनदा बेशुद्ध पडलाय.

पहिल्यांदा भाच्याच्या हाताला टाके घालत होते तेव्हा. टाके त्याला पडले, आडवा मामा झाला. दुसऱ्यांदा नवरात्रात, अंबाबाईच्या रांगेत. उपवास होता, ऊन होतं, दीड तास एका जागी उभा. आधी जांभया यायला लागल्या, मग कानात भुंगा घुमायला लागला, समोरच्याची पाठ पिवळी दिसायला लागली. पुढचं काही ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तर कपाळभर कुंकू. मागची एक आजी म्हणत होती, अंगात आलंय पोराच्या, धरू नका.

तिसऱ्यांदाचं मात्र अंगलट आलंय. मित्राचं लग्न, हॉलमध्ये तुडुंब गर्दी, मंगलाष्टका चालू. पाचव्या मंगलाष्टकेला भुंगा सुरू झाला. शेजारी तालमीतलेच चौघं उभे होते. त्यांनी मला खाली पडूच दिलं नाही! दोघांनी बगलेत धरून खुर्चीत बसवलं, एकानं मान ताठ धरली, चौथा तोंडावर पाणी मारत होता. आणि मग म्हणे माझे हातपाय झटके द्यायला लागले, डोळे वर गेले. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. सगळ्या हॉलनं ठरवून टाकलं : फिट आली.

ही बातमी कंपनीत पोचायला दोन दिवस लागले. आता निदान होईपर्यंत फर्नेस (भट्टी) आणि लॅडलच्या (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याच्या) आसपास फिरकायचं नाही. त्यांचंही चूक नाही, वितळलेल्या लोखंडाशेजारी भोवळ आली तर हाडं पण सापडायची नाहीत. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं म्हणता येत नाही, टिल्ट टेबल टेस्ट करू. पुढच्या गुरुवारची वेळ दिलीय. आई म्हणत्या, मुद्दाम चक्कर आणणारी कसली तपासणी? कुणाचा अनुभव आहे का? दुखतं का? आणि खरंच हृदय बंद पडतं का त्यात?

मिसळकट | सोमवार, रात्री ११:०५

टाके भाच्याला आणि आडवा मामा! नाद खुळा. भावा, चेष्टा बाजूला. मला पण रक्त बघून गरगरतं, म्हणून मी मटणाच्या दुकानात बायकोला पाठवतो. कारण वेगळंच सांगतो ते जाऊ दे.

सरळरेघ | मंगळवार, सकाळी ७:२०

मिरजेला हृदयरोग विभागात २२ वर्षं तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. टिल्टचे बरेच पेशंट माझ्या हातानं बांधलेत. हो, बांधलेत. घाबरू नका, पट्ट्यांनी बांधतात, कुलूप लावत नाहीत.

टेबल म्हणजे मोटरवर उभं-आडवं होणारा पलंग. खाली पाय टेकायला फळी. छातीवर आणि गुडघ्यांवर पट्टे. छातीला ईसीजीच्या वायरी, एका बोटाला छोटा कफ, त्यानं प्रत्येक ठोक्याचं प्रेशर पडद्यावर दिसतं. आधी सपाट झोपवून ठेवतात, निदान ५ मिनिटं. सलाईनसाठी सुई टोचली असेल तर २० मिनिटं, कारण सुईच्या धसक्यानंच काहींची नाडी वरखाली होते. मग टेबल ६० ते ७० अंशात उभं करतात.

पूर्ण ९० का नाही, हा प्रश्न मला प्रत्येक नातेवाईक विचारायचा. तुम्ही साधे उभे असता तेव्हा पोटऱ्या गुपचूप काम करत असतात, रक्त वर ढकलत असतात. टेबल तिरकं असलं की पाठ टेकलेली, पट्टे बांधलेले, त्यामुळे पोटऱ्यांना सुट्टी. अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं आणि ते सांभाळायची सगळी जबाबदारी नसांच्या यंत्रणेवर येते. ती यंत्रणा कुठं घसरते हेच तर बघायचं असतं. म्हणून पाय हलवू नका, हे दहादा सांगावं लागायचं. पैलवान लोक तर हमखास मांड्या आवळून धरायचे! तुम्ही तेवढं करू नका, नाहीतर टेस्ट वाया.

२० मिनिटांत काही झालं नाही तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देतात आणि आणखी १५ मिनिटं बघतात. काही ठिकाणी औषध न देता ४५ मिनिटं उभं ठेवतात, काही ठिकाणी आयसोप्रिनालिनचं (नाडी वाढवणाऱ्या औषधाचं) ड्रिप लावतात. चक्कर आली की बटण दाबायचं, १०-१५ सेकंदांत टेबल सपाट. सपाट झालं की बहुतेक सगळे अर्ध्या मिनिटात डोळे उघडतात आणि विचारतात, झालं का?

हृदय बंद पडतं का, तर काही जणांचं काही सेकंद थांबतं. तुमचं रांगेत किंवा लग्नात तसंच थांबलं असेल, फक्त तिथं बघायला मशिन नव्हतं. टेबलावर डॉक्टर शेजारी उभा असतो, बटणावर हात ठेवून. यापेक्षा सुरक्षित जागा पडायला मिळायची नाही.

नायट्रोग्लिसरीननं नंतर डोकं दुखतं, ते धरून चाला. आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी) गोळी अलीकडं घेतली असेल तर लाजू नका, आधी सांगा. दोन्ही एकत्र आली तर प्रेशर धोकादायक घसरतं.

लालमाती | मंगळवार, सकाळी ८:१०

काका, मांड्या आवळण्याचं बरं सांगितलंत. मी तेच केलं असतं.

रोखठोक | मंगळवार, दुपारी १:३५

मी जरा कडू बोलतो. ही टेस्ट निव्वळ टाइमपास आहे. माझ्या बायकोची केली होती. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नाही अशा धडधाकट लोकांचीही टेस्ट काही वेळा पॉझिटिव्ह येते, आणि ज्यांना येते त्यांची निगेटिव्ह येते. शेवटी सांगितलं काय? पाणी प्या, मीठ खा. हे आमची आजीपण सांगत होती, फुकट. तीन कारणांनी पडलेला माणूस, टाके, रांग, मंगलाष्टका. यात शोधायचं काय राहिलंय?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५०

मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर. रोखठोक, तुमचं निम्मं खरं आहे. चक्करचं निदान मुळात ऐकून होतं. आधी काय करत होतात, उभे की झोपलेले, चेहरा कसा दिसला, किती वेळात माणसं ओळखलीत. २०१८ च्या युरोपियन हृदयरोग संघटनेच्या सूचनाही तेच म्हणतात : गोष्ट स्पष्ट असेल तर टिल्टची गरज नाही. लालमाती नुसते टाक्यांना आणि रांगेत पडले असते तर मीही त्यांना टेबलाकडं पाठवलं नसतं. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अमुक औषध लागू पडेल, असंही नसतं.

पण इथं झटके आहेत आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे. 'फिट' हा शिक्का बसला तर फर्नेस गेली, ड्रायव्हिंग गेलं, वर्षानुवर्षं गोळ्या. तो शिक्का खरा की खोटा हे बघायला टिल्ट उपयोगी पडते. त्याच सूचनांमध्ये हा उपयोगही दिलेला आहे.

आता झटक्यांबद्दल. मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला की शुद्ध जाते. शरीराचा यावरचा इलाज काय? पडणं. आडवा झालात की रक्त डोक्याकडं येतं. तुमच्या चार मित्रांनी, प्रेमानंच, तो इलाज बंद पाडला. ताठ बसवलं, मान वर धरली, मेंदू उपाशीच राहिला आणि हातपाय झटकले. याला फिट म्हणत नाहीत, पण बघणाऱ्याला तसंच दिसतं. म्हणून इथं वाचणाऱ्या सगळ्यांना : चक्कर येऊन पडलेल्या माणसाला उचलू नका, बसवू नका. झोपवा, पाय वर धरा, गर्दी बाजूला करा. चप्पल पायात ठेवा.

एक गोष्ट विचारायची राहिली. तालमीत कधी पडला होतात का? कुस्ती चालू असताना, की संपल्यावर?

लालमाती | बुधवार, सकाळी ६:४५

एकदाच, १९-२० वर्षांचा असताना. कुस्ती संपल्यावर उभ्यानं वस्तादांचं ऐकत होतो तेव्हा अंधारी आली होती, पडलो नव्हतो. हेच आमच्या डॉक्टरांनीही विचारलं. का बरं?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:१५

जोर संपल्यावर उभं राहिलं की अंधारी येणं वेगळं आणि ऐन झोंबाझोंबीत कोसळणं वेगळं. दुसऱ्यात हृदयाचा स्नायू जाड असणं, झडप आकसलेली असणं किंवा ठोक्यांचा घातक बिघाड असू शकतो. झोपलेल्या अवस्थेत शुद्ध जाणं, पडण्याआधी छातीत धडधड होणं, काही पूर्वसूचना न देता धाडकन तोंडावर पडणं, घरात कुणी तरणाताठा अचानक गेलेला असणं, यातलं काहीही असेल तर पाणी-मीठ करत बसू नका, आधी हृदय तपासा. तुमचा इको झालाय ते चांगलं झालं.

पंचगंगा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

आमच्या बाबांचं थोडं वेगळं. वय ७२. दाढी करताना मान वळवली की पडायचे. तीन वेळा बेसिनपाशी सापडले, एकदा खुबा मोडला. त्यांना टेबलावर बांधूनच डॉक्टरांनी मानेच्या एका बाजूला काही सेकंद चोळलं, तर ठोके थांबले. तिथं प्रेशर मोजणारी गाठ असते, ती म्हातारपणी काहींची फार हळवी होते म्हणे. पेसमेकर बसवला, दोन वर्षं झाली, पडले नाहीत. मानेचा प्रयोग घरी करायचा नाही, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी सरकू शकते, असं आम्हाला बजावून सांगितलं होतं.

वनौषधी | बुधवार, रात्री ९:००

ज्येष्ठमधाचा काढा रोज सकाळी. प्रेशर खाली जायचंच नाही. अनुभवानं सांगतो.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:१०

प्रेशर चढतं हे खरं आहे, कारण ज्येष्ठमधानं शरीरात मीठ साठतं. त्याबरोबर पोटॅशियम उतरतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. टेस्टच्या तोंडावर तर मुळीच नको. घशाला खडीसाखरेबरोबर एखादी कांडी चघळलीत तर माझी हरकत नाही.

माईगडहिंग्लज | गुरुवार, सकाळी ११:२५

मी सहसा लिहीत नाही, पण 'शिक्का' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

माझी मुलगी १३ वर्षांची असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली. हात झटकले. दोन बाईंनी धरून भिंतीला टेकवून बसवलं होतं. तिथून थेट फिटच्या गोळ्या सुरू. साडेतीन वर्षं! पोरगी पुस्तक उघडलं की पेंगायची. सहलीला पाठवायचं नाही, विहिरीकडं जाऊ द्यायचं नाही. नात्यातल्या एका बाईंनी तर आत्तापासून म्हणायला सुरुवात केली की हिचं लग्न कसं जमणार. आणि गोळ्या चालू असूनही वर्षातून दोन-तीनदा पडायचीच, मग डोस वाढवायचा.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि शाळेतल्या बाईंना फोन लावायला सांगितला. विचारलं, चेहरा निळा पडला होता की पांढराफटक? पांढराफटक. झटके किती, मोजता येण्यासारखे? पाच-सहा असतील. जीभ कडेला चावली होती? नाही. उठल्यावर किती वेळ गोंधळलेली होती? लगेच म्हणाली, बाई माझा डबा कुठाय. फोन ठेवून त्या म्हणाल्या, खऱ्या फिटमध्ये झटके सहसा वीसच्या वर असतात आणि नंतर बराच वेळ माणूस भानावर नसतो.

मग टिल्ट केली, डोक्याला ईईजीच्या वायरीही लावल्या. चौदाव्या मिनिटाला आमच्या डोळ्यांसमोर ती तशीच पांढरी पडली, मान लुळी पडली, हात दोन-चारदा झटकले. मी ओरडले, हेच ते! प्रेशर खाली गेलेलं, नाडी मंदावलेली, ईईजीवर फिटची लाट कुठंच नाही. मला तिथंच रडू फुटलं, तंत्रज्ञ पोराला वाटलं मी घाबरले.

गोळ्या त्यांनी चार महिन्यांत हळूहळू उतरवत बंद केल्या. हे वाचून कुणी मनानं गोळ्या बंद करू नका, एकदम थांबवल्यानं खरीच फिट येऊ शकते. पोरगी आता कॉलेजला आहे, एनसीसीत आहे. परेडला मागच्या रांगेत उभी राहते आणि बुटात बोटं आवळत-सोडत राहते.

रोखठोक | गुरुवार, दुपारी १२:१०

माई, नमस्कार. वरचं 'टाइमपास' मागं घेतो. बाकीच्या मुद्द्यांवर ठाम आहे.

सरळरेघ | गुरुवार, रात्री ८:००

जाता जाता एक. ही टेस्ट फार जुनी नाही. टेबल पूर्वीपासून होतं, पण शरीराच्या अभ्यासापुरतं. कारण न सापडणाऱ्या चक्करसाठी ते वापरता येतं हे लंडनमध्ये रोझ ॲन केनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. 'व्हेसोव्हेगल सिंकोप' (नसांच्या चुकीच्या इशाऱ्यानं प्रेशर आणि नाडी एकदम उतरून येणारी बेशुद्धी) हे नाव मात्र त्याच्याही आधीचं, थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये रूढ केलेलं. पैलवान, झाली की सांगा.

लालमाती | पुढच्या शुक्रवारी, रात्री १०:१५

झाली काल. सविस्तर लिहितो, कारण इथल्या माहितीमुळंच मी निवांत गेलो.

सकाळी सहाला चहा-पोहे, मग काही नाही. दहाला आत घेतलं. खोलीत उजेड मंद, बोलायला मनाई. सुरुवातीला प्रेशर १२२/७८, नाडी ५८. टेबल उभं केलं तेव्हा जोतिबाच्या सासनकाठीला बांधल्यासारखं वाटलं, पायाखाली फळी पण भार कुठंच नाही. पहिली २० मिनिटं काही झालं नाही. नाडी ७४ वर जाऊन थांबली. मनात म्हटलं, बघ, आज नाटक करणार नाही हे शरीर, आणि कंपनीत परत तोंड घेऊन जायचं.

मग जिभेखाली औषध. डोकं ठणकायला लागलं, मान गरम. सहाव्या मिनिटाला जांभई आली. सरळरेघ काका, ती जांभई ओळखीची होती! अंबाबाईच्या रांगेतली. मी म्हटलं, डॉक्टर, आलं. ते म्हणाले, काय होतंय ते बोलत राहा. मी म्हटलं भुंगा... आणि संपलं.

पुढचं बायकोनं सांगितलं, ती काचेपलीकडं होती. प्रेशर ६४ वर आलं, नाडी ३६, आणि मग पडद्यावर ५ सेकंद सरळ रेघ. तिनं देवीला काय काय बोललं ते ती सांगत नाही. टेबल सपाट होईतो माझा खांदा दोनदा झटकला, बस्स. डोळे उघडले तेव्हा अंग घामानं थबथबलेलं आणि वर डॉक्टर हसत होते. "हेच होतं ना?" हेच होतं. तसूभर फरक नाही.

निदान : व्हेसोव्हेगल, त्यातला हृदय मंदावणारा प्रकार. फिट नाही, तसं पत्र दिलं. मी लगेच विचारलं, रेघ सरळ झाली म्हणजे पेसमेकर? म्हणाले, चाळिशीच्या आत, पूर्वसूचना मिळत असताना आणि कधीतरीच पडत असताना नाही. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, फौंड्रीत त्याहून जास्त, जेवणात थोडं मीठ वाढवायचं. (बीपी असलेल्यांनी हे करायचं नाही, त्यांनी स्वतःहून सांगितलं.) जांभई आली की पायांची कात्री करून मांड्या, कुल्ले आवळायचे, एका हातानं दुसरा हात पकडून ओढायचा. तरी भुंगा थांबला नाही तर लाज सोडून खाली बसायचं, झोपायचं.

नोकरीचं अजून अर्धंमुर्धं आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, फिटचा शेरा काढला, पण तीन महिने कोअर शॉपला (साच्यांचे गाभे बनवायच्या विभागात) टाकलंय, मग फेरतपासणी. फर्नेसवर परत घेतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही. ओव्हरटाइम गेला हे खरं.

मिसळकट | शुक्रवार, रात्री १०:३०

मीठ वाढवायला सांगितलंय? कोल्हापुरात हा आजार म्हणायचा की सवलत? पांढरा रस्सा लिहून दिला का चिठ्ठीवर?

लालमाती | शुक्रवार, रात्री १०:४५

तो मी स्वतः लिहून घेतला.

त्या चौघांना आज तालमीत बोलावून सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात धाकट्याचं लग्न आहे, परत मंगलाष्टका. म्हटलं, पडलो तर हात लावायचा नाही, नुसतं आडवं करायचं. वस्ताद कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "दहा वर्षं घसा फोडून सांगितलं, पाठीला माती लागू देऊ नको. आता हा डॉक्टर म्हणतोय, लागू दे." मग थोडा वेळ गप्प बसले आणि हळूच विचारलं, ती जांभई नेमकी कशी येते? त्यांचं वय ६८. मंगळवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं जातोय, आधी ईसीजी.

उजळाईवाडी | शनिवार, सकाळी ९:०५

माझी सोमवारी आहे. चहा चालतो का आधी?

लालमाती | शनिवार, सकाळी ९:२०

मला चार तास आधीपर्यंत चालेल म्हणाले होते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि एकट्यानं जाऊ नका, येताना गाडी दुसऱ्यानं चालवायची.